गाडी तापवणारे मामा

डिसेंबरातली सकाळ, खिडक्यांच्या काचा दवानं पांढऱ्या झालेल्या, प्रवासी कानटोप्या ओढून बसलेले, आणि अशात "गाडी तापली" म्हणून रस्त्याच्या कडेला उभी राहणारी गाडी मी उभ्या जन्मात एकच पाहिली. ती आमच्या मामांची.

फलटण–सांगली एसटी. अख्खा डेपो ज्यांना मामा म्हणायचा ते ड्रायव्हर आणि मी कंडक्टर. मी नोकरीला नवी होते, खाकी ड्रेसची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. पहिल्याच दिवशी मायणीच्या पुढं बाभळींच्या रांगेपाशी मामांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागं वळून खणखणीत आवाजात सांगितलं, "गाडी तापलीय. जरा पाणी दाखवतो. कुणाला पाय मोकळं करायचं असलं तर करून घ्या." मग सीटखालचा पाण्याचा कॅन उचलून ते खाली उतरले. माझं इकडं तिकिटाच्या मशीनशी भांडण चाललेलं. वर बघते तर पाच-सहा म्हातारे काठ्या सावरत, एकमेकांकडं न बघता, "जरा वारं खातो", "कंबर धरलीय" असं काहीबाही पुटपुटत उतरताहेत. सगळे बाभळीमागं गेले. मामांनी बॉनेट उघडून आत डोकं घातलं आणि बाभळींकडं पाठ करून ते तसेच उभे राहिले. शेवटचा म्हातारा पायरी चढला तेव्हा बॉनेट लागलं. कॅनमधलं पाणी त्यांनी रस्त्याकडेच्या एका लिंबाच्या रोपाला ओतलं आणि गाडी सुरू केली.

मला काय कळणार? मी आपली कर्तव्यदक्ष. डेपोत परत आल्याबरोबर मेकॅनिकला गाठलं आणि सांगितलं, गाडीचा रेडिएटर बघा, रस्त्यात तापतोय. तो पोट धरून हसला. "बाई, इंजिनाला काय धाड भरलीय? तापत्यात ती म्हातारी मान्सं."

दुसऱ्या दिवशी मी मामांना सरळच विचारलं. ते लाजलेबिजले नाहीत. दाढेखालची लवंग या गालातून त्या गालात नेत म्हणाले, "मास्तर, वय झालं की बाप्याचं प्रोस्टेट वाढतंय. सुपारीएवढं असतंय ते लिंबाएवढं हुतंय. लघवीची वाट आवळती. लागली की दम निघत न्हाई, आन् गेल्यावर धार येत न्हाई. असला माणूस भरल्या गाडीत, लेकीसुनांच्या म्होरं, 'थांबवा, मला लागलीय' म्हणंल का? जीव जाईल पर तोंड उघडणार न्हाई. मग गाडीनं तापायला नगो?"

मला ते 'मास्तर' म्हणायचे. कंडक्टरला मास्तर म्हणायची जुनी रीत. बाई कंडक्टर आली म्हणून त्यांनी ती बदलली नाही, आणि मला ते फार आवडायचं. बाकी सगळ्या डेपोला मी 'मॅडम' नाहीतर 'ओ ताई'.

पंचाहत्तरीपुढच्यांना तिकीट माफ झाल्यापासून आमच्या गाडीत म्हाताऱ्यांची जत्रा असायची. घरात बसून सुनेची बोलणी खाण्यापेक्षा सांगलीला जाऊन भेळ खाऊन आलेलं बरं, असा साधा हिशेब. पण ही माणसं प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायची नाहीत. स्टँडवर चहा पाजला तरी नको म्हणायची. भर उन्हात ओठ सुकलेले, तोंड कडू झालेलं, आणि तरी हट्टानं कोरडी बसलेली. मामांना याचा भयंकर राग. ते स्टँडवर गाडी लावून खाली उतरत, एखाद्या आजोबाच्या शेजारी बाकावर टेकत आणि पाऊसपाण्याची चौकशी करावी तितक्या सहज विचारत, "रातचं किती येळा उठताय?"

आजोबा आधी दचकायचे. मग इकडंतिकडं बघून, "तीन-चारदा व्हतंय बगा," असं हळूच सांगायचे. एकदा दार उघडलं की मग काय! कुणी मुलाला सांगितलेलं नसे, कुणी बायकोलाही नाही, ते सगळं या खाकीतल्या माणसाला सांगून मोकळे. मामा ऐकून घेत आणि मग झापत. "पाणी बंद करू नगा, दिसा प्या, निजायच्या आदी कमी करा. कुणी सांगितलेला पाला खात बसू नगा. सोनोग्राफी करा, रक्त तपासा. गोळ्या असत्यात. गोळ्यांनी भागलं न्हाई तर दुर्बिणीतनं आपरेशन असतंय, फाडाफाडी न्हाई, टाका न्हाई. आल्या वाटंनंच आत जात्यात आन् वाढलेलं खरडून काढत्यात." हे सांगताना हाताचा अभिनय असा की शेजारच्या बाकावरच्या बाया पदर तोंडाला लावायच्या. सांगलीतल्या एका डॉक्टरांकडं मामांनी इतकी माणसं पाठवली होती की डॉक्टर त्यांना म्हणाले होते, "ड्रायव्हर, एक स्टॉप माझ्या दारातच टाका."

दिसायला मामा म्हणजे खाकीत गुंडाळलेली काठी. उंच, वाळके, गालफडं बसलेली, गळ्यात बारा महिने मफलर. ड्रायव्हरच्या सीटवर घोंगडीचा दुमडलेला तुकडा टाकून बसायचे. गाडीला 'बया' म्हणायचे आणि तिच्याशी बोलायचे. चढ आला की "चल गं बया, सावली बघून थांबू नगंस." हॉर्नचा त्यांना कंटाळा. रस्त्यात म्हैस आडवी आली तर खिडकीतून मान काढून तिला समजावून सांगायचे, आणि खोटं कशाला सांगू, म्हैस बाजूला व्हायची. मनुष्यप्राण्याला मात्र ते हॉर्न वाजवत. "ह्याला सांगून कळत न्हाई," म्हणायचे.

म्हणी तर त्यांच्या घरच्याच होत्या. "लाज प्रवाशाची, खोटं डायव्हरचं" ही त्यातली मुख्य. दुसरी एक होती, ती ते नवीन लग्न झालेल्या पोरांनाही ऐकवायचे: "पोटातलं पाणी आन् सुनंचं बोलणं, दाबून ठिवलं तर वाढतंच." म्हणीचा प्रसंगाशी संबंध असलाच पाहिजे असा त्यांचा आग्रह नसे.

आरशातून प्रवासी ओळखण्याचा मात्र त्यांना फार गर्व. कोण चुळबूळ करतोय, कोण मांडीवर मांडी टाकून घाम पुसतोय, कोण "आजून किती लांब हाय?" विचारतोय, सगळं त्या आरशात. एकदा एक गोरेपान, जाडजूड काका वडूजला चढले. खिडकीशी बसले ते सारखे वाकताहेत, पाय आवळताहेत, कपाळ पुसताहेत. मामांनी ठरल्या जागेच्या बऱ्याच आधी गाडी तापवली आणि स्वतः खिडकीखाली जाऊन म्हणाले, "काका, उतरा, पाय मोकळं करा." काका म्हणाले, पायाला काही झालेलं नाही. मामा म्हणाले, लाजू नका. काका म्हणाले, लाजतोय कोण? मामा म्हणाले, आवं आमी बी त्यातलंच. हे असं बराच वेळ चाललं आणि मग काकांच्या सीटखालची पिशवी आरवली. जत्रेला निघालेला जिवंत कोंबडा होता आणि मी त्याचं तिकीट फाडीन म्हणून काका पायांनी पिशवी दाबून बसले होते. मी तिकीट फाडलंच. मामांनी सांगलीपर्यंत आरशात बघितलं नाही.

असं असलं तरी त्यांच्यावर मी एकदा मनापासून चिडले होते. एका प्रवासात दिवस गेलेली एक पोरगी विट्यापासून तोंड पांढरंफटक करून बसली होती. बाभळ तिच्या काय कामाची? गाडी रिकामी झाल्यावर मी मामांना म्हटलं, "तुमच्या बाप्यांना बाभळ आहे. आम्ही बायकांनी काय आभाळात जायचं? मीसुद्धा या गाडीवर दिवसदिवस पाणी न पिता काढते, तुमच्या आरशात ते कधी दिसलं नाही!" मामांचं तोंड उतरलं. मला वाटलं, मोठ्या माणसाला जास्तच बोलले.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मामा पदरच्या पैशानं तिकीट काढून तासगावच्या अलीकडं एका धाब्यावर गेले. धाब्याच्या मागं संडास होता, पण कडी मोडलेली, पाण्याचा पत्ता नाही, कोपऱ्यात कांद्याची पोती. मामांनी धाबेवाल्याच्या आईला गाठलं. काय बोलले देव जाणे. पोती हलली, नवी कडी बसली, पाण्याचं पिंप आलं. आणि त्या आठवड्यापासून आमची बया दोन ठिकाणी तापायला लागली. दुसऱ्या ठिकाणी मामा बॉनेट उघडून ओरडायचे, "बायामान्सांनी च्या पिऊन घ्या, धाब्याची म्हातारी लय चांगला च्या करती." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, संडासाच्या कडीसाठी कोण रडतं? त्याला कंडक्टरकी करून बघ म्हटलं.

आता सुभेदारांबद्दल सांगितलं पाहिजे. वडूजजवळच्या एका गावचे, फौजेतून निवृत्त झालेले. दर महिन्याला मिलिटरी कॅन्टीनचं सामान आणायला सांगलीला यायचे. पांढऱ्या मिशा, पांढरा शर्ट, दाराकडून तिसरी सीट, खिडकी. पाठ सीटला टेकायची नाही. गाडी तापली की सगळे उतरायचे, हे जागचे हलायचे नाहीत. मनगट वळवून घड्याळ बघायचे, एक नजर मामांच्या बॉनेटवर टाकायचे आणि पुन्हा समोर. बोलणं शून्य. मामांना अख्ख्या जगात भीती वाटायची ती या घड्याळाची. "मास्तर, त्यो म्हातारा एक दिस माझी चोरी धरणार."

आणि खरोखरच डेपोत तक्रार आली. नाव नसलेली. फलटण–सांगली गाडी विनाकारण रस्त्यात थांबते. मॅनेजरसाहेबांनी मामांना बोलावलं, मलाही. मामा म्हणाले, गाडी तापती. साहेब म्हणाले, मेकॅनिक नाही म्हणतो. मामा म्हणाले, "सायेब, मेकॅनिक पस्तीस वर्साचा हाय. त्याला काय कळतंय तापणं." साहेबांचे वडील त्यांच्याकडं राहायला आलेले होते. साहेबांनी तक्रारीचा कागद घडी करून खणात टाकला आणि म्हणाले, वेळ भरून काढत जा. ते प्रकरण तिथं मिटलं, पण तक्रार सुभेदारांचीच, यावर मामांचं आणि माझं एकमत झालं. त्यानंतर मी सुभेदारांना तिकिटाचे सुटे पैसे जरा आपटूनच द्यायची.

मामांचं स्वतःचंही प्रोस्टेट वाढलेलं होतं. लपवाछपवी नाही. "माझं बी लिंबू झालंय," असं सगळ्यांना सांगायचे. दोन तऱ्हेच्या गोळ्या चालू होत्या, एक वाट सैल करणारी आणि एक हळूहळू गाठ आकसवणारी. पण गोळ्यांचं काम आता पुरं पडत नव्हतं आणि सांगलीच्या डॉक्टरांनी त्यांना ऑपरेशन करून घ्या म्हणून निक्षून सांगितलं होतं. आणि इथं आमचा हा सगळ्या तालुक्याला शहाणं करणारा माणूस अडून बसला. ऊस जाऊ दे, लेकीचं बाळंतपण होऊ दे, रिटायर होऊ दे. लोकांना ऑपरेशनाचे गोडवे गायचे आणि स्वतःचा विषय निघाला की म्हशीशी बोलायला लागायचे.

कारण मला मामींकडून कळलं. मी एकदा त्यांच्या घरी जेवायला गेले होते. मामा हात धुवायला उठले तेव्हा मामी हळूच म्हणाल्या, "त्यास्नी नळीचं भ्या हाय. मामंजींची लघवी अशीच तुंबली हुती. त्या वक्ताला नळी घातली, ती तशीच ऱ्हायली, ताप चढला, आन् नळीसकटच माणूस गेला. ह्येंनी समदं डोळ्यांनी बगितलंय. आपरेशन म्हंजी आदी नळी. म्हणून घोडं आडतंय." मी मामांना काही बोलले नाही. त्यांच्या थट्टेवर मात्र त्यानंतर मला पूर्वीसारखं हसू येईना.

मग तो मे महिन्यातला दिवस. मामांना आदल्या दिवसापासून सर्दी झालेली. ड्युटी चुकवायची नाही म्हणून मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून घेतली होती. दहिवडीत उतरले ते बराच वेळ आले नाहीत. वडूजला पुन्हा तेच. मायणीपुढच्या बाभळीपाशी त्यांनी त्या दिवशी बॉनेट उघडलंच नाही, सगळ्यांच्या आधी स्वतःच मागं गेले आणि सगळ्यांच्या नंतर आले. कपाळावर घामाचे थेंब.

"मामा, होत नाहीये का?"

"उन्हाळी लागलीय, मास्तर. ऊन काय कमी हाय का?"

उन्हाळी! लघवी अडली की आमच्याकडं लहान पोरापासून सगळ्यांचं निदान एकच, उन्हाळी लागली, थंड प्या. तुंबलेल्या माणसाला वरून आणखी पाजत राहायचं, याच्याएवढी घातक चूक नाही, हे मी मामांच्याच तोंडून पन्नासदा ऐकलेलं. "मोरी तुंबल्याव वरनं घागर वतशीला का?" असं ते म्हाताऱ्यांना दरडावायचे. आणि आता विट्याच्या स्टँडवर हाच माणूस उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभा राहून ग्लासावर ग्लास रिचवत होता.

गाडीत तर त्यांच्यावर जीव टाकणारी माणसं. मामांना उन्हाळी लागली म्हटल्यावर अख्ख्या गाडीची आजी झाली. कुणी किटलीतलं ताक पुढं केलं, कुणी धण्याजिऱ्याचं पाणी, एकीनं सब्जा भिजवलेली बाटली. मामा नको म्हणेनात. ज्याचं त्याचं मन राखत सगळं प्यायले. मी ओरडले, "अहो, तुम्हीच सांगता ना, असं करू नये म्हणून!" तर माझ्यावर डोळे वटारले. "तुमी तिकिटं फाडा."

तासगाव सुटलं आणि थोड्याच अंतरावर गाडी कडेला लागली. या ठिकाणी आम्ही कधी थांबत नव्हतो. मामांनी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मी धावत पुढं गेले. ओटीपोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, शर्टाची खालची बटणं आपोआप सुटलेली. हात गार पडलेले.

"दवाखान्यात जायचं," मी म्हटलं. "आत्ता."

"गाडी सांगलीला लावतो. मग घरी जाऊन पडतो."

"घरी नाही. तिथं गेल्यावर नळी घालतील, मोकळं वाटेल."

नळी म्हटल्याबरोबर त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. त्यांचे डोळे मी कधी तसे बघितले नव्हते. भरल्या गाडीसमोर, कुणाचीही पर्वा न करता म्हणाले, "नळी नगो. आमच्या आबाला घातलीवती. नळी घातली की मान्साचं संपलं. मी हितंच बसतो, हुईल आपसूक." मी विनवलं. रागावले. मामींना फोन लावला, त्या पलीकडं रडायला लागल्या. मागून प्रवासी "मामा, ऐका" म्हणत होते. मामा स्टिअरिंग सोडेनात. हा माणूस माझ्यासमोर या सीटवर मरणार, असं त्या क्षणी मला स्वच्छ वाटलं.

तेवढ्यात तिसऱ्या सीटवरून सुभेदार उठले.

त्यांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा धड ऐकला. परेडला ऐकू जाईल असा. "डायव्हरसाब! मला बी नळी घातलीवती." सुभेदारांची सून शेजारीच बसलेली, गावची चार माणसं मागच्या सीटवर. "लघवी तुंबलीवती माझी. असाच नगारा झालावता. नळी घातली, आठ दिसांनी काढली, मग दुर्बिणीतनं आपरेशन केलं. आता बगा माझ्याकडं. उभा हाय का न्हाई? संपलोय का मी?"

मामांनी मान वळवली. घड्याळवाला म्हातारा आपल्या सुनेसमोर, गावासमोर ताठ उभा राहून हे बोलतोय, हे त्यांना खरं वाटत नव्हतं.

आणि मग मागून कुणीतरी म्हणालं, "मला बी घातलीवती, गड्या. काय न्हाई हुत." मग आणखी एक, "माझं आपरेशन झालं की गेल्या साली. घरात सांगितलं न्हाई, हर्नियाचं म्हणून सांगितलं." कधीही तोंड न उघडणारी, वारं खायला उतरणारी ती माणसं एकेक करून उभी राहत होती आणि भर दुपारी, बायापोरांच्या समोर, आपापल्या लघवीची कथा सांगत होती. बाया खाली बघत होत्या, पण हसत कुणी नव्हतं. एका आजीनं तर आपल्या नवऱ्याला ढोसलं, "आवं, तुमी बी सांगा की!"

मामांचे हात स्टिअरिंगवरून सुटले.

मागून बेदाण्याच्या बॉक्सांनी भरलेला एक टेम्पो येत होता. मी रस्त्याच्या मध्ये उभी राहून तो अडवला. सुभेदारांनी मामांना काखेत हात घालून उतरवलं, टेम्पोच्या केबिनमध्ये बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. मला गाडी सोडता येईना. मागून येणाऱ्या गाडीत प्रवासी बसवून दिले, दुसरा ड्रायव्हर आला, मग माधवनगर ओलांडून आम्ही सांगलीत पोचलो आणि मी तशीच दवाखान्यात पळाले.

मामा झोपलेले होते. कॉटच्या कडेला नळीची पिशवी लटकलेली, भरलेली. तोंडावर लहान मुलासारखी शांती. डॉक्टर म्हणाले, सर्दीच्या गोळीनं वाट आणखी आवळली आणि वरून सरबतं. आणखी उशीर झाला असता तर किडनीवर गेलं असतं. आता थोडे दिवस नळी राहू दे, मग ऑपरेशन करू, घाबरण्यासारखं काही नाही. मी तिथंच भिंतीला टेकून रडून घेतलं.

बाहेर बाकावर सुभेदार बसले होते. पाठ ताठ, मांडीवर पिशवीत मामांच्या चपला. कॅन्टीन त्या दिवशीचं बुडालंच होतं. मी शेजारी बसले. इतके दिवस मी या माणसाला सुटे पैसे आपटत आले होते. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "सुभेदार, तुम्हाला नळी कुठल्या दवाखान्यात घातली होती?"

"मला?" त्यांनी भुवया चढवल्या. "मला कुटं काय झालंय? मी ठणठणीत हाय."

"मग मघाशी गाडीत सांगितलं ते?" मी विचारलं.

"पोरी, मी फौजेत उभा जलम गाड्या हाकल्यात. थंडीत गाडी तापत न्हाई, येवडं कळतंय मला. पैल्याच दिशी कळलं. घड्याळ लावून बगायचो, ह्यो माणूस रोजचा येळ म्हाताऱ्यास्नी देतो आन् पुढं भरून काडतो कसा. तक्रार करनाऱ्याला त्यो हिशोब कळला नसंल, मला कळत हुता." त्यांनी चपलांची पिशवी सारखी केली. "एवडी वरसं त्यो लोकांसाटी खोटं बोलतोय. एक मी बोललो. त्यात काय."

"पण तुमच्या सूनबाई, गावची माणसं..."

"आसूं दे."

मामांचं ऑपरेशन नीट पार पडलं. नळी काढल्यावर पहिल्यांदा आपोआप लघवी झाली तेव्हा संडासातूनच ओरडले, "झाली वं, झाली!" आणि वॉर्डातल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. पुढं काही आठवडे थोडी गळती होती, डॉक्टरांनी आवळून सोडायचा व्यायाम दिलेला. तो ते घरी आल्यागेल्या सगळ्यांना करायला लावायचे. मामी वैतागून गेल्या होत्या. सुभेदारांचं गुपित मी मामांना सांगितलं नाही. आता ते रिटायर होऊन शेतावर असतात, मधूनमधून फोन येतो, तरी अजून सांगितलेलं नाही.

ऑपरेशननंतर मामा कामावर परतले त्या दिवशी गाडी गच्च भरलेली. वडूजला सुभेदार चढले. बरोबर सून, मागं गावातलीच माणसं, आणि कॉलेजला निघालेल्या पोरी. तिसरी सीट, खिडकी. मामांनी आरशात बघितलं, त्यांचा चेहरा उजळला, आणि गाडी सुरू करायच्या आधी ते सीटवरून अर्धे उठून, सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात, जिवलगाची चौकशी करावी तसे म्हणाले,

"काय सुभेदार! आपरेशनवालं जोडीदार आपुन! तुमची धार कशी हाय आता?"

पोरींनी ओढण्या तोंडाला लावल्या. सूनबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. सुभेदारांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी मशीनवर मान खाली घातली. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, पाठ आणखी ताठ केली आणि म्हणाले,

"फर्स्ट क्लास, डायव्हरसाब. तुमची?"